मिरगाआधी खड्डा कागदावर आणा

बिडकीनकरांनो, चितेगाव, फारोळा, निलजगाव, ढोरकीनच्या भावांनो, बहिणींनो,

मिरग तोंडावर आला आहे. दोन मोठे पाऊस झाले की आपल्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा पाण्यानं भरेल. वरून नुसतं डबकं दिसेल. खाली वीतभर खोल आहे की हातभर, हे पुढचं चाक आत गेल्यावरच कळेल. म्हणून आत्ताच ऐका. हातात थोडे दिवस आहेत. तेवढ्यात तुम्ही रोज जाता त्या वाटेवरचा एक खड्डा कागदावर आणा. एकच. फोटो काढा, अर्ज लिहा, कचेरीत द्या, पोच घ्या. फार तर एका सकाळचं काम आहे. त्यानं कुणाचा तरी जीव वाचू शकतो. आणि देव न करो, नाहीच वाचला, तर मागं राहिलेल्या माणसांच्या हातात निदान एक पुरावा राहतो. कसा, ते सांगतो.

आपल्या पैठण रस्त्याची वर्दळ तुम्हाला सांगायला नको. एकीकडे शहर, दुसरीकडे पैठण, मध्ये आपण. ऑरिक औद्योगिक नगरीचं बिडकीन क्षेत्रच जवळपास 32 चौरस किलोमीटरचं. तिथं कंपन्या येताहेत, म्हणजे हायवा, डंपर, ट्रेलर येताहेत. त्यात रस्ता चौपदरी करायचं काम, आणि जायकवाडीहून शहराला पाणी नेणारी अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी, दोन्हींचा भार याच रस्त्याच्या अंगावर. खणलं, बुजवलं, पुन्हा खणलं. खाली आपली काळी माती. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. डांबराला बारीक चीर पडली की पाणी आत उतरतं, माती लिबलिबीत होते, वरून भरलेला हायवा गेला की डांबराचं खांड उचकटून येतं. थाळीएवढा खड्डा आठवड्यात परातीएवढा होतो. मग त्यात कुणी मुरूम आणि खडी टाकून जातं. ती खडी रस्त्यावर पसरते, आणि खड्डा चुकवणारा खडीवर घसरतो.

चारचाकीला खड्डा लागला तर टायर फुटतो. दुचाकीवरचा माणूस सरळ रस्त्यावर फेकला जातो. डोळ्यासमोर आणा. कंपनीतून दुसरी पाळी सुटली आहे. समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर. पाठीमागं बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर लेकरू, हातात दवाखान्याची पिशवी. पुढचं चाक खड्ड्यात जातं आणि हँडल हातातून सुटतं. आधी फेकली जाते ती मागं बसलेली. तिच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि मागून ट्रक येत असतो.

केंद्र सरकारच्या 2022 च्या अपघात अहवालात त्या एका वर्षात देशभरात खड्ड्यांमुळे 1,856 माणसं गेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी रस्त्यावर मेलेल्या दर शंभर माणसांत चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. त्याआधी, 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर पाच वर्षांचा आकडा आला होता: 2013 ते 2017 या काळात खड्ड्यांनी 14,926 बळी घेतले. सीमेवर मरणाऱ्यांपेक्षाही हे बहुधा जास्त असतील, असं न्यायालय तेव्हा म्हणालं. आणि हे नुसते कागदावर आलेले मृत्यू. जिथं पोलिसांच्या नोंदीत खड्डा आलाच नाही, ती माणसं या आकड्यात नाहीत.

नोंदीत खड्डा येत का नाही? याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका रस्त्यावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात माझी गाडी गेली. मागं पत्नी होती. तिचं मनगट मोडलं, कपाळाला सात टाके पडले. दवाखान्यात विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "गाडी घसरली." डॉक्टरांनी तेच लिहिलं. पोलिसांकडे आम्ही गेलो नाही. कुठे अर्ज केला नाही. आपलंच नशीब म्हणून घरी आलो, हळद-दूध प्यालो, महिनाभर तिचा हात गळ्यात होता. तो खड्डा मात्र तिथंच राहिला. माझ्यानंतर त्या खड्ड्यात कोण पडलं, मला माहीत नाही. कुणी पडलं असेल तर त्यातला थोडा दोष माझा आहे, असं मी मानतो.

"गाडी घसरली." हे दोन शब्द सोडून द्या. आजपासून सोडा. गाडी आपोआप घसरत नाही. खड्ड्यात चाक गेलं असेल तर तसंच सांगा: "अमुक ठिकाणी, खड्ड्यात पुढचं चाक जाऊन पडलो." डॉक्टरांना सांगा, पोलिसांना सांगा, आणि लिहून घेतलेलं वाचून बघा. खरं तेच सांगा, पण पूर्ण खरं सांगा. आपण घाबरून, संकोचून अर्धंच सांगतो, आणि त्या अर्ध्यात खड्डा गायब होतो.

माणूस गेला तर तो आणखीच गायब होतो. घरात रडारड चाललेली असते. पंचनाम्याला कुणी तरी लांबचा भाऊबंद जातो. तो सही करून येतो. कागदावर येतं की मयतानं भरधाव वेगात आणि निष्काळजीपणे गाडी चालवली व स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला. खड्ड्यानं मारलेला माणूस आरोपी होतो. त्याची बायको आयुष्यभर ऐकते की तो जोरात चालवत होता. तोवर रस्त्यावर कुणी तरी खडी टाकून खड्डा बुजवून गेलेलं असतं. पुरावा संपतो. लेकरांची फी, म्हाताऱ्यांची औषधं, बँकेचे हप्ते, सगळं त्या बाईच्या पदरात येतं.

हे असंच चालायला हवं, असं कायदा म्हणत नाही. उलट, बाजू आता तुमची आहे. हे नीट वाचा आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठानं 13 ऑक्टोबर 2025 रोजी आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर कुटुंबाला 6 लाख रुपये. जखमी झाला तर जखमेप्रमाणे 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. भरपाई ठरवायला समिती, तिच्यात रस्ता ज्यांचा त्या यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. अपघाताची खबर पोलिसांनी 48 तासांत समितीला द्यायची. वर्तमानपत्रातली बातमी वाचून समितीला स्वतःहूनही प्रकरण हाती घेता येतं. मागणी केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर नऊ टक्के व्याज, आणि अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी. दिलेली रक्कम दोषी ठेकेदाराकडून, दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायची. खड्डा कळवला की 48 तासांत त्याची दखल घ्यायची. ही भरपाई घेतली म्हणून कायद्यानं मिळणारे बाकीचे हक्क जात नाहीत. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे याच प्रकरणात न्यायालयानं आधी, 2015 मध्येच सांगितलं होतं.

आणि हा आदेश ज्या याचिकेत झाला, ती सुरू कशी झाली माहीत आहे? 2013 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल झालं. एका पत्रानं सुरुवात झाली.

आता तुमचा भाग. तो लहान आहे, पण त्याच्याशिवाय हा आदेश आपल्या गावात मुका राहील. समितीसमोर पहिला प्रश्न येणार तो हाच: खड्डा होता कशावरून? दुसरा: संबंधितांना तो ठाऊक होता कशावरून? दुसऱ्या प्रश्नाचं मोल मोठं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याची बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसली आणि त्यामुळे कुणी मेलं वा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड. हा दंड ठरवताना न्यायालय काय काय पाहतं, त्यात हेही आहे: या रस्त्याची स्थिती धोक्याची आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का? तुमच्या अर्जावरची पोच म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. "आम्हाला कल्पनाच नव्हती" असं म्हणायची वाट त्या एका शिक्क्यानं बंद होते.

लेखी सूचनेची ही ताकद दुसरीकडेही दिसली आहे. न्यूयॉर्क शहरात 1979 साली असा कायदा झाला की खड्ड्याची लेखी सूचना आधी मिळालेली असेल तरच शहर अपघाताला जबाबदार. शहराला वाटलं, आता दावे थांबतील. पण तिथल्या वकिलांनी 1982 मध्ये एक संस्था काढली. तिनं माणसं गल्लोगल्ली फिरवली, फुटपाथवरचा फुटका दगड न् दगड नकाशावर खुणांनी मांडला आणि ते नकाशे शहराकडे सादर केले. घ्या लेखी सूचना! आपल्याला वकिलांची फौज नको. गावातली चार पोरं, चार मोबाईल आणि एक वही पुरे.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल, कागदानं काय होतं? ज्यांच्या घरची जमीन औद्योगिक क्षेत्रासाठी गेली त्यांना विचारा. एकरी 23 लाखांचा मोबदला घेताना सातबारा काढला, फेरफार तपासला, मोजणीचा नकाशा घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. झाडं मोजली, विहीर दाखवली, पाइपलाइन नोंदवली. एक कागद कमी असता तर आपण रात्रभर झोपलो नसतो. हे आपल्याला येतं. बिडकीन, निलजगाव, बन्नी तांडा, बंगला तांडा, इथल्या घराघरात फायली नीट बांधून ठेवलेल्या आहेत. त्याच फायलीत आता रस्त्याचा अर्ज ठेवा. बांधावरच्या आंब्याची नोंद आपण सोडली नाही, मग पोटच्या पोराच्या वाटेवरच्या खड्ड्याची सोडायची?

अर्ज द्यायचा कुणाकडे, इथंच बहुतेक जण अडतात. रस्ता कुणाचा हे ठाऊक नसतं, आणि एका कचेरीतून दुसरीकडे बोट दाखवलं जातं. मोटामोटी असं धरा: पैठण रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्याची तक्रार महामार्ग यंत्रणेकडे. त्यासाठी 1033 हा फोन आहे आणि राजमार्गयात्रा हे ॲपही आहे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. गावांना जोडणारे बारके रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. गावातल्या गल्ल्या गावच्या कारभाराकडे. औद्योगिक नगरीतले रस्ते ऑरिककडे. खात्री नसेल तर थांबू नका. एकाच अर्जाच्या चार प्रती काढा, दोन कचेऱ्यांना द्या, तिसरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा, चौथी पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. फोन केला असेल तरी अर्ज द्याच. बोललेलं हवेत विरतं.

रस्ता नवा असूनही उखडला असेल तर माहिती अधिकारात विचारा: ठेकेदार कोण, काम कधी पूर्ण झालं, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो? दहा रुपयांत हे विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या कालावधीत रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. ही जबाबदारी त्याला टाळू देऊ नका.

आणि अपघात झालाच, तर? तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा. आधी माणूस. 108 ला फोन करा. ज्यानं उचलून नेलं त्याला पोलीस त्रास देतील ही भीती मनातून काढून टाका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ चं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. उचला, न्या. मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे, तिच्यात अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळतात. रुग्णालयात हे स्वतःहून विचारा.

माणूस रवाना झाला की एकानं मागं थांबा. एवढं कराच. दुसरा दिवस उजाडायच्या आत खड्ड्याचे फोटो घ्या. जवळून एक, लांबून एक, शेजारचा दगड, दुकान किंवा किलोमीटरची पाटी दिसेल असा एक. खड्ड्यात काठी धरून खोली दाखवा. जवळच्या हॉटेलवर, पंपावर कॅमेरा असेल तर त्यांना चित्रण जपायला सांगा. कुणी पाहिलं असेल तर त्यांचं नाव-नंबर घ्या. पंचनाम्याला जाणता माणूस पाठवा आणि खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली त्यात आली का ते पाहूनच सही करा. आली नसेल तर नम्रपणे सांगा, "साहेब, हे पण लिहा." पोलीस ठाण्यातली माणसंही याच रस्त्यानं घरी जातात, तीही ऐकतील. न ऐकलं तर तेच लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या.

घरात विधवा बाई असेल तर तिला एवढं सांगा: तुला वकील फुकट मिळतो. बाईच्या उत्पन्नाची अट त्याला नाही. शहरात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, 15100 हा फोन आहे. आणि गाडीच्या विम्याचा कागद शोध. त्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असेल तर समोर दुसरी गाडी नसतानाही त्याचा दावा करता येतो. किती घरांनी हा कागद गाडीच्या डिकीतच कुजू दिला असेल, या विचारानं जीव तुटतो. म्हणून आजच आपली पॉलिसी काढून बघा. मुदत संपली असेल तर भरा. लायसन्स जवळ ठेवा. हेल्मेट दोन घ्या, मागं बसणाऱ्यासाठी दुसरं. सरकारची चूक असली तरी फुटतं ते आपलं डोकं, आणि आपल्याकडे लायसन्स, हेल्मेट, विमा असला तर आपल्यावर बोट दाखवायला कुणाला जागा उरत नाही.

मुंबईतले दादाराव बिल्होरे आठवतात. 2015 च्या जुलैमध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा दुचाकीवरून जाताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यामुळे गेला. त्यानंतर हा भाजी विकणारा बाप स्वतः खडी-माती घेऊन मुंबईचे खड्डे बुजवत फिरला, वर्षानुवर्षं. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण एखाद्या बापावर ती वेळ यायच्या आधी आपण जागं व्हायला हवं. तुम्हीही एखादा जीवघेणा खड्डा मुरूम टाकून बुजवणार असाल तर जरूर बुजवा. आधी फोटो घ्या, मग फावडं घ्या.

आता उठा. गणपती मंडळ, भजनी मंडळ, बचत गट, शाळेची समिती, कंपनीतली पाळी, ज्याच्यात तुम्ही आहात तिथं आज संध्याकाळी विषय काढा. वाटा वाटून घ्या. तुमच्या गटानं फाट्यापासून बाजारापर्यंत, दुसऱ्यानं बाजारापासून शाळेपर्यंत. गुरुजी, दहावीच्या पोरांकडून अर्ज लिहून घ्या, पत्रलेखन अभ्यासक्रमातही आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहून द्या. हा मजकूर उतरवून घ्या:

"प्रति, (रस्ता ज्यांचा ती कचेरी). विषय: जीवघेणा खड्डा तातडीने दुरुस्त करणेबाबत. महोदय, (गाव ते गाव) रस्त्यावर (ओळखीची खूण) येथे सुमारे (लांबी, रुंदी, खोली) मापाचा खड्डा आहे. येथून दुचाकीस्वार, शाळकरी मुले व कामगार रोज जातात. येथे कोणताही इशारा फलक नाही. पावसात खड्डा दिसणार नाही व जीवितहानी होऊ शकते. मा. उच्च न्यायालयाच्या 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशानुसार 48 तासांत कार्यवाही करावी. दुरुस्ती होईपर्यंत येथे अडथळे व फलक लावावेत. या अर्जाने आपणास धोक्याची सूचना देण्यात येत आहे. सोबत फोटो जोडले आहेत."

खाली नाव, सही, तारीख. प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि घेणाऱ्याची सही मागा. "नंतर या" म्हणाले तर बाकावर बसा. पोच हातात पडल्याशिवाय त्या टेबलापासून हलू नका.